‘येतो’ म्हणून निघालेला पाहुणा

मराठी माणूस दुसऱ्याच्या घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. उंबरठ्यावर ‘जातो’ हा शब्द अशुभ मानण्याची रूढी जुनी आहे आणि ती एकट्या मराठीची नाही. बंगाली पाहुणा ‘आशि’ म्हणून निघतो. तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असे म्हणतो. कन्नडातही जाणे आणि येणे ही दोन्ही क्रियापदे निघताना जोडीनेच उच्चारली जातात. गुजराती घरात पाहुण्याला ‘आवजो’ म्हणून वाटेला लावतात. भाषांची कुळे वेगळी असली, तरी निघण्याच्या क्षणी परत येण्याचे वचन देण्याची ही पद्धत देशाच्या मोठ्या भागात एकच आहे. हे वचन पुष्कळदा पाळले जाणार नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरीही ते दिले जाते. पाहुणा निघून गेल्यावर या वचनाचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न मात्र व्यवहारात सहसा विचारला जात नाही. तो विचारण्याचे काम साहित्याकडे येते.

‘निरोप’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. रजा घेणे किंवा देणे हा एक. कोणाकरवी पाठविलेला सांगावा हा दुसरा. पहिला निरोप दारात किंवा फलाटावर संपतो, दुसरा तेथून सुरू होतो. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदावेत, ही योगायोगाची गोष्ट असेल. पण प्रवासाविषयीच्या लेखनाचा विचार करताना ती उपयोगी पडते. लेखक एखाद्या घरात राहिला, तेथले अन्न जेवला, त्या माणसांची सुखदुःखे त्याने ऐकली आणि पुढच्या गाडीने तो निघून गेला. आता त्याच्या लेखनात त्या घराकडे काही पोचते आहे, की घर हा केवळ प्रवासातला एक मुक्काम ठरतो? या कसोटीवर काही भारतीय लेखनकृती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर निरोपाच्या वर्णनात केवढे नैतिक वजन सामावलेले असते याची कल्पना येते.

आगगाडीपूर्वीच्या निरोपाला स्वतःचे एक शास्त्र होते. ‘याज्ञवल्क्यस्मृती’त तृप्त झालेल्या श्रोत्रिय अतिथीला सीमेपर्यंत पोचवावे, असे सांगितले आहे. ‘अभिज्ञानशाकुन्तल’च्या चौथ्या अंकात कण्व शकुंतलेबरोबर चालत राहतात, तेव्हा शार्ङ्गरव त्यांना जलाशयाच्या काठाशी थांबवतो, प्रिय माणसाची सोबत पाण्याच्या कडेपर्यंतच करायची, असा संकेत होता. येथे पोचविणारा आणि निघणारा दोघेही पायी चालतात. दोघांची गती एक असते आणि ती हळूहळू मंदावत जाते. कोठे थांबायचे हे रूढीने ठरविलेले असले, तरी केव्हा थांबायचे हे कोणी ठरविलेले नसते. म्हणूनच कालिदासाला तेथे वनज्योत्स्ना वेल आणि पदर ओढणारे हरिणाचे पाडस यांना जागा देता आली. निरोप लांबविता येतो, हीच त्या प्रसंगाची नाट्यशक्ती आहे.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने दिलेली व्युत्पत्तीही येथे लक्षात घेण्यासारखी आहे: ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर वरसईहून उत्तरेकडे निघाले, तेव्हा ते या अर्थाने खरेखुरे अतिथी होते. रेल्वेने तेव्हा घाट ओलांडलेला नव्हता. कोणत्या गावी किती दिवस राहायचे हे पाऊस, दक्षिणा, लुटारूंची भीती आणि शेवटी बंडाची धामधूम यांवर ठरत होते. ज्या झाशीने त्यांना आसरा दिला, तिची धूळधाण त्यांनी डोळ्यांनी पाहिली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या कथनात निरोपाचे स्वतंत्र सोहळे फारसे नाहीत. पण जेथे अन्न मिळाले त्या शहरावर पुढे काय ओढवले, हे सांगितल्याशिवाय हा भिक्षुक पुढे सरकत नाही. उत्पन्नासाठी निघालेल्या एका गरीब ब्राह्मणाचे हे लेखन आज मोलाचे वाटते, त्याचे एक कारण हेही आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली आणि त्यानंतरच्या दशकांत अतिथीला तिथी मिळाली. तिथीच नव्हे, तास आणि मिनिटही मिळाले. पाहुणा कोणत्या गाडीने येणार आणि कोणत्या गाडीने जाणार हे आधी कळू लागले. यजमानाने कितीही आग्रह केला, तरी ‘गाडी चुकेल’ या दोन शब्दांपुढे तो निरुत्तर होऊ लागला. गावाच्या वेशीची जागा स्टेशनने घेतली. पोचवायला जाणे राहिले, पण फलाटावर उभे राहायचे तर यजमानालाही तिकीट काढावे लागू लागले. त्याची सोबत आता परवानगीची झाली. शिदोरी बांधून देणे, हातावर दही घालणे, मुलांच्या मुठीत नाणे ठेवणे हे सारे उपचार टिकले, पण ते गाडीच्या वेळेआधी उरकण्याची घाई त्यांत शिरली.

यापेक्षा महत्त्वाचा बदल गतीचा आहे. गाडी सुटल्यावर निघणारा बसून राहतो आणि तरी दूर जातो. मागे राहणारा फार तर चार पावले धावतो आणि थांबतो. दोघांच्या गतींचा मेळ एका क्षणात तुटतो. प्रवाशाच्या डोळ्यांपुढे नवी दृश्ये येऊ लागतात. यजमानासमोर रिकामा फलाट असतो आणि घरी गेल्यावर रिकामी खोली. पुढे पाहणे प्रवाशाला सोपे जाते, कारण यंत्रच त्याला पुढे नेत असते. लेखकही बहुतेक वेळा प्रवासीच असतो. त्यामुळे प्रवासवर्णनाचा स्वाभाविक कल गाडीच्या दिशेने असतो, आणि मागे राहिलेल्याच्या बाजूला उभे राहायचे तर लेखकाला त्या कलाविरुद्ध जावे लागते.

हे विरुद्ध जाणे किती अवघड आहे, ते रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या ‘पोस्टमास्टर’ (१८९१) या कथेत दिसते. कथेत आगगाडी नाही, नाव आहे. पण वाहनाच्या गतीने निरोपाचा निर्णय कसा होतो, हे तिच्याइतके नेमके फार थोड्या कथांनी दाखविले असेल. कलकत्त्याचा एक तरुण खेड्यात पोस्टमास्टर म्हणून येतो. रतन ही अनाथ मुलगी त्याची घरकामे करते, त्याच्याकडून अक्षरे शिकते, आजारपणात त्याची शुश्रूषा करते. घर त्याचे आणि काम करणारी ती, असा वरवरचा संबंध; पण त्या परक्या गावात खरी यजमान तीच आहे. तो नोकरी सोडून निघतो तेव्हा आपल्याला बरोबर न्याल का, असे ती विचारते आणि तो हसून ते अशक्य असल्याचे सांगतो. नाव सुटते. एका क्षणी परत फिरावे असे त्याला वाटते. तोपर्यंत शिडात वारा भरलेला असतो, नदीला ओढ असते, गाव मागे पडलेले असते. मग जगात असे किती वियोग होतात, परत जाऊन काय उपयोग, असा विचार त्याच्या मनाला समाधान देतो. रतनजवळ असा कोणताही विचार नाही. ती पोस्टाच्या घराभोवती रडत फिरत राहते.

या कथेचा शेवट नावेवर झाला असता, तर ती एका हळव्या तरुणाची गोष्ट झाली असती. रवीन्द्रनाथांनी निवेदन नावेतून उतरविले आणि काठावर परत आणले. पोस्टमास्टरच्या तत्त्वचिंतनाला त्यांनी खोटे ठरविले नाही. ते कोणाला परवडते, एवढेच दाखविले. ज्याच्याखाली वाहन आहे त्याला तत्त्वज्ञान सुचते. जो उभा राहिला आहे त्याच्याजवळ फक्त आशा असते, आणि ती आशा शहाणपणाची नाही हे लेखकाला कळते. तरी तो तिला हसत नाही. प्रवासाविषयीच्या पुष्कळ लेखनात ‘जीवन म्हणजे प्रवास’ या जातीची जी वाक्ये निरोपाच्या जागी येतात, त्यांच्याकडे या कथेनंतर संशयाने पाहावे लागते. ती वाक्ये बहुधा नावेत बसून लिहिलेली असतात.

अडतीस वर्षांनंतर, १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’त हाच प्रश्न आगगाडीच्या खिडकीतून विचारला गेला. हरिहरचे कुटुंब निश्चिन्दिपूर सोडून काशीला निघते. अपूला आगगाडीचे वेड. तिच्यात बसण्याचा हा दिवस त्याच्या लहानशा आयुष्यातला केवढा तरी मोठा. पण दुर्गा आता नाही. आजारी असताना तिने अपूला, मी बरी झाले की एकदा मला आगगाडी दाखव, असे सांगितलेले असते. गाडी चालू लागते, माझेरपाडा स्टेशनचा सिग्नल अंधूक होत नाहीसा होतो, आणि अपूला वाटते की गावाच्या कडेला म्लान चेहऱ्याने उभी राहून आपली दीदी या गाडीकडे पाहते आहे. तिला आपण सोडून चाललो, असे त्याला वाटते.

येथे घर परक्याचे नाही आणि अपू पाहुणाही नाही. तरीही निरोपाच्या विचारात या प्रसंगाला वगळता येत नाही, कारण गाडीत बसलेल्याने मागे राहिलेल्याला कसे पाहावे याचे हे भारतीय कादंबरीतले एक अत्यंत प्रामाणिक उदाहरण आहे. ज्या यंत्राचे कुतूहल त्या दोघांनी मिळून बाळगले, त्याच यंत्राने एकाला नेले आणि दुसरीला मागे ठेवले. विभूतिभूषणांनी गाडीला दोष दिला नाही, गावाचे गोडवेही गायले नाहीत. अपूच्या आनंदातच त्यांनी हे ओझे ठेवले. पुढे जाणाऱ्याचा आनंद खरा असू शकतो आणि तरी मागे कोणी उभे असते, ही दुहेरी जाणीव त्या एका दृश्यात टिकून राहते.

स्वतःच्या आयुष्यातल्या यजमान घरांविषयी लिहिताना रवीन्द्रनाथांनी काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवीन्द्रनाथ विलायतेला जाण्यापूर्वी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या या गृहस्थांची कन्या अन्नपूर्णा ही त्यांना इंग्रजी संभाषणाचे व विलायती रीतीभातींचे धडे देत असे. तिने मागितले म्हणून त्यांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते जहाजात बसले. अन्नपूर्णेचे पुढे एका प्राध्यापकाशी लग्न झाले आणि १८९१ मध्ये एडिंबरोला तिचा मृत्यू झाला. या घरचा निरोप त्यांच्या तेव्हाच्या लेखनात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. १९४० मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, ‘छेलेबेला’ या बालपणाच्या आठवणींत ते त्या मराठी मुलीकडे वळतात. बासष्ट वर्षांनी पोचलेला हा निरोप, शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने. तो घेणारी तोवर जगात नव्हती.

लंडनमध्ये डॉ. स्कॉट यांच्या कुटुंबात ते राहिले, त्याची हकीकत ‘जीवनस्मृति’ (१९१२) मध्ये आहे. हिंदुस्थानातून कोणी पाहुणा घरात राहायला येणार म्हणून धाकट्या दोन मुली आधी भीतीने नातेवाइकांकडे निघून गेल्या होत्या. तो निरुपद्रवी असल्याची खात्री पटल्यावर त्या परतल्या. अशा तऱ्हेने सुरू झालेल्या मुक्कामाच्या शेवटी मिसेस स्कॉट त्यांचे दोन्ही हात धरून रडल्या आणि असे निघून जायचे होते तर इतक्या थोड्या दिवसांसाठी आलासच कशाला, अशा अर्थाचे बोलल्या. रवीन्द्रनाथांनी या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. उत्तर नव्हतेच. त्यांनी तो प्रश्न तीस वर्षे सांभाळला आणि आपल्या आठवणींत यजमानीणबाईंच्या तोंडीच ठेवला. ‘पोस्टमास्टर’ लिहिणाऱ्याला लागणारी दृष्टी त्यांना कोठे लाभली असेल, याचा तर्क करण्याची गरज नाही. पण काठावर उभे राहणाऱ्याला शेवटचे वाक्य देण्याची ही सवय कथेत आणि आठवणीत सारखीच आढळते.

मराठीत यजमान घराच्या निरोपाची सर्वांत हृदयद्रावक कहाणी लिहिली गेली ती कल्पित साहित्यात नव्हे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून होता. ज्यांना कधी पाहिले नव्हते त्या बाईंना आनंदीबाई ‘मावशी’ मानत होत्या. त्या घरात अठरा वर्षांची ही मुलगी उन्हाळाभर राहिली आणि शरद ऋतूत वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेली. रोझेल आणि फिलाडेल्फिया यांच्यातले अंतर आगगाडीने काही तासांचे. तरीही तो पहिला निरोप होता. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आनंदीबाई जहाजाने परत निघाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय बावीसही नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या. ‘येतो’ या शब्दाचा हिशेब एवढ्या कठोरपणे क्वचितच पुरा झाला असेल.

या कहाणीत यजमान घर पाहुण्याच्या मागे उभे राहून संपले नाही. केरोलिन हिली डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रामागे या घराने जपलेली पत्रे आहेत. काशीबाई कानिटकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत चरित्र लिहिले, त्यातही पत्रांना मोठे स्थान आहे. पुढे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी अफाट लोकप्रिय झाली, तिचे नाटक झाले, २०१९ मध्ये याच नावाचा चित्रपट आला. शीर्षकच सांगते त्याप्रमाणे येथे केंद्र पतिपत्नीच्या नात्याकडे सरकले. ते सरकणे कादंबरीच्या दृष्टीने समर्थनीय आहे. गोपाळरावांचा स्वभाव हा कादंबरीकाराला खुणावणाराच विषय होता. पण मराठी वाचकाच्या मनात रोझेलचे घर हा वाटेवरचा एक मुक्काम होऊन बसला. एका परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या बाईने या मुलीला घर दिले, तिला जाऊ दिले आणि अखेर तिच्या अस्थींना आपल्या माणसांत जागा दिली, ही गोष्ट तिच्याच बाजूने मराठीत लिहिली जाण्याची वाट पाहते आहे. दुसऱ्या अर्थाचा निरोप अजून पुरता पोचलेला नाही.

कधी पाहुण्याआधी यजमानच निघून जातो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) नवा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो; हळूहळू ती वाडी त्याला आपला म्हणते. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात आणि गाव ओस होते. निरोप घेण्यासाठी मास्तराजवळ शाळा उरत नाही, माणसेही उरत नाहीत. एकीकडे अंगावर पगाराची नोकरी असलेला पाहुणा, दुसरीकडे पावसावर जगणारे यजमान. त्यांतल्या कोणाचे पाय जमिनीत जास्त खोल होते आणि कोणाला आधी उखडले गेले, हे माडगूळकर एकही टीकात्मक वाक्य न लिहिता सांगून जातात. यजमान म्हणजे स्थिर आणि पाहुणा म्हणजे चल, ही समजूत या कादंबरीने मोडली.

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट गृहीत आहे: दार उघडले होते. निरोपाचे दुःख ज्याला कोणी आत घेतले त्यालाच मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींनी हे गृहीतक उघडे पाडले. १९३५ च्या सुमारास लिहिलेला हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने काढला आणि १९९३ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आला. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे. वडील कोरेगावला नोकरीवर. मुलांनी साताऱ्याहून त्यांच्याकडे सुटीला जायचे ठरते. नवे कपडे शिवले जातात, दहा मैलांवरच्या स्टेशनपर्यंत टांगा ठरतो, आत्या शोकाने कोसळते आणि मुले मात्र आनंदात निघतात. तिकिटे काढल्यावर धाकट्यांच्या हातावर दोन-दोन आणे पडतात आणि त्यांतून पहिल्यांदा लेमोनेडच्या बाटल्या मागविल्या जातात. मराठी घरातल्या निरोपाचे इतके निर्मळ वर्णन शोधून सापडणार नाही.

गाडी संध्याकाळी मसूरला पोचते. न्यायला कोणी आलेले नसते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेलेच नसते. स्टेशनमास्तर या नीटनेटक्या मुलांना ब्राह्मणाची समजून प्रेमाने चौकशी करतो. जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान मिळेना, तेव्हा दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असा तोडगा निघतो. रात्री शिदोरी जवळ असते, पाणी नसते. म्हणून मुले उपाशी झोपतात. आत्याच्या दारातले रडणे आणि मसूरच्या फलाटावरचे मौन यांच्यामध्ये एक आगगाडी आहे. डब्यात बसेपर्यंत जी मुले कोणाची तरी होती, ती उतरल्यावर कोणाचीही नव्हती.

दुसरा प्रसंग बडोद्याचा, १९१७ मधला. परदेशातून शिकून परतलेल्या, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळत नाही. नाव बदलून ते एका पारशी पांथशाळेत उतरतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे येतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देतात. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे विचारणा होते. दोघेही अडचण सांगतात. मुंबईची गाडी रात्री नऊची, आणि मध्ये पाच तास घालवायचे असतात. ते कामाठीबागेत बसून घालविले जातात. पुढच्या गाडीने निघणारा हा प्रवासीच; पण त्याला पोचवायला आलेले कोणी नाही, त्याने ‘येतो’ म्हणावे असे घर नाही. अठरा वर्षांनंतरही ही आठवण डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय राहत नाही, असे ते नोंदवितात. स्मृतीत ‘अतिथी’ या शब्दामागे ‘श्रोत्रिय’ हे विशेषण का लागले होते, याचे उत्तर या बागेत मिळते. सीमेपर्यंत पोचविण्याचा धर्म सर्वांसाठी नव्हता.

म्हणून निरोपाच्या साहित्याचा विचार आंबेडकरांच्या या दोन प्रकरणांना वगळून पुरा होत नाही. त्यांना ‘प्रवासवर्णन’ म्हणण्यास संकोच वाटत असेल, तर तो संकोच प्रवासवर्णनाच्या रूढ व्याख्येविषयी काही सांगतो. मराठीतले प्रवासलेखन विपुल आहे, विनोदाने आणि निरीक्षणाने समृद्ध आहे. पण त्याचा एक संकेत असा पडला, की यजमानाच्या पाहुणचाराचे वर्णन कृतज्ञतेने करायचे, पदार्थांची नावे सांगायची, निघतानाचे एक हळवे वाक्य लिहायचे आणि पुढचे प्रकरण पुढच्या गावी सुरू करायचे. त्या दारातून आपल्याला आत का घेतले गेले, कोणाला घेतले गेले नसते, आणि आपण निघाल्यावर त्या घरात कोणाच्या वाट्याला काय उरले, हे प्रश्न या संकेतात बसत नाहीत. कृतज्ञता व्यक्त झाली की ऋण फिटल्यासारखे वाटते. हिंदीत अज्ञेयांनी आपल्या प्रवासलेखनाच्या पुस्तकाला ‘अरे यायावर रहेगा याद?’ (१९५३) असे नाव दिले. भटक्याला आठवण राहील का, हा त्या शीर्षकातला प्रश्न भटक्याने स्वतःला विचारलेला आहे. प्रत्येक यजमान तो न बोलता विचारीत असतो.

साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मांडलेली आंतरभारतीची कल्पना याच प्रश्नाशी येऊन भिडते. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या जीवनाशी परिचय वाढवावा, असे ते सांगत होते. पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यातून ‘वंगचित्रे’ आले, हे या वृत्तीचेच एक फळ. भाषा शिकणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहणे. मात्र त्याच साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे यासाठी उपोषण केले होते, हेही विसरता येत नाही. घराघरांत जाऊन राहण्याचे स्वप्न आणि दार उघडण्याचा आग्रह ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती. दार सर्वांना उघडत नसेल, तर निरोपाची सारी कोवळीक काही थोड्यांची मिरासदारी ठरते.

पाहुण्याला निघावेच लागते. त्यात अपराध नाही, आणि गाडीची वेळ पाळण्यातही नाही. लेखनाकडून अपेक्षा एवढीच, की गाडीने दिलेली गती त्याने स्वतःची मानू नये. रतनजवळ परत येणारे निवेदन, खिडकीतून दुर्गेला पाहणारा अपू, मिसेस स्कॉटच्या तोंडी राहू दिलेला प्रश्न, रोझेलला जपलेली पत्रे: या सर्व ठिकाणी कोणीतरी सुटलेल्या गाडीतून मागे पाहिले आहे. कामाठीबागेत गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाने मात्र मागे पाहावे असे दार तेथे नव्हते. ‘येतो’ या शब्दाला ज्या दिवशी त्याच्याही तोंडी अर्थ येईल, त्या दिवशी तो सर्वांच्याच तोंडी खरा होईल.